पानगळीचा आठवडा: कातरकामापलीकडे काय घेता येईल? (पहिली-दुसरी)

रेघोट्या

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे, ३० मुलं. शाळेने एक आठवडा 'पानगळ' या विषयाला द्यायचं ठरवलंय, म्हणजे भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला सगळं त्याभोवती गुंफायचं. ऐकायला छान वाटतं. पण नेटवर शोधायला बसलं की जिकडेतिकडे तेच: तपकिरी-केशरी कागदाची पानं कापा, चिकटवा, दोरीला टांगा. त्यातलं अर्धं कापणं शेवटी बाईंच्याच गळ्यात पडतं आणि ३० पानं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. मुलांनी त्यातून नक्की काय शिकायचं, हे मला कळत नाही.

मला खरी पानं हाताळायला मिळतील आणि गणित-भाषेतही काही पुढे सरकेल असं हवंय. वर्गात मी एकटीच, मदतनीस नाही. तास ४० मिनिटांचा. मैदानाच्या कडेला चार-पाच प्रकारची झाडं आहेत आणि पानगळ सुरू झाली आहे. अर्धा वर्ग अजून जोडाक्षरांशी झटापट करतोय, त्यामुळे पानभर निबंध वगैरे शक्य नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, मोठ्या बाईंना भिंतीवर 'काहीतरी दिसायला' हवंय. दोन, एका मुलाने विचारलंय, "पान पडताना झाडाला दुखतं का?" उत्तर सोमवारी देते म्हणून सांगितलंय. काय सांगू?

पाटीपेन्सिल

रेघोट्याताई, अगदी मनातलं बोललात. टांगलेली कागदी पानं मलाही डोळ्यांसमोर नकोशी होतात. इतकी वर्षं पहिली-दुसरी शिकवून मी एका मतावर आलेय: विषय 'पानगळ' असेल तर पान हेच पाठ्यपुस्तक. बाकीचं साहित्य खडू आणि दोरी.

पहिल्या दिवशी फक्त गोळा करा. प्रत्येकाने जमिनीवर पडलेली दहा पानं आणायची, झाडावरचं एकही तोडायचं नाही. वर्गात आल्यावर चार-पाच जणांचे गट करा आणि एवढंच सांगा: "यांच्या वाटण्या करा. कशा करायच्या ते तुम्ही ठरवा." रंगाने करा की आकाराने, हे चुकूनही सांगू नका. सांगितलंत की वर्गीकरण तुम्ही केलंत, मुलांनी फक्त हमाली केली. बहुतेक गट रंगावर जातात, एखादा लहान-मोठं करतो. माझ्या वर्गात एका गटाने 'वाजणारी' आणि 'न वाजणारी' असे दोन ढीग केले होते. मुठीत दाबायचं, चुरचुरलं तर इकडे, नाहीतर तिकडे. आता तपासणीत निम्मा ढीग चुरा होऊन गेला हे खरं, पण निकष पक्का होता. दुसऱ्या गटाने प्रत्येक ढीग बघून त्यामागचा नियम ओळखायचा. बघता बघता तास संपतो.

दुसऱ्या दिवशी उड्या मारायच्या दोन दोऱ्या घ्या. जमिनीवर दोन वेगळी वर्तुळं करा. एकात 'पिवळी', दुसऱ्यात 'दातेरी कडेची'. एकेकाने येऊन पान ठेवायचं. थोड्या वेळात कोणाच्या तरी हातात पिवळं आणि दातेरी असं पान येतंच. ते मूल मधोमध उभं राहतं, वर्ग दोन्ही बाजूंनी ओरडतो. तुम्ही गप्प बसा. कुणी म्हणेल पान अर्धं फाडू, कुणी म्हणेल दोन्हीकडे एक पाय ठेवून उभं राहू दे. शेवटी कुणीतरी दोरी ओढून वर्तुळं एकमेकांत घुसवतं. नाहीच सुचलं तर "दोऱ्या हलवल्या तर चालतील" एवढं पुटपुटा. आणि हिरवं, सलग कडेचं पान? ते दोन्ही दोऱ्यांच्या बाहेर. 'कुठेच नाही' हीसुद्धा जागा असते हे मुलांना चटकन पटत नाही, तिथे थोडं थांबावं लागतं.

तिसरा दिवस माझ्या सगळ्यात लाडका, आलेखाचा. एका झाडाची पानं एका रांगेत, अशा चार रांगा मांडून घ्या आणि विचारा, "कोणत्या झाडाची पानं जास्त?" सगळी मुलं लांब रांगेकडे बोट दाखवतात. मग मोजायला लावा. मोठ्या पानांच्या झाडाची रांग सगळ्यात लांब, पण पानं सहाच. बारक्या पानांची रांग तिच्या निम्म्यात संपली आणि पानं नऊ! वर्गात एकदम शांतता होते, मग कल्ला. 'लांब म्हणजे जास्त' हा समज सहा-सात वर्षांच्या मुलांत फार घट्ट असतो आणि कृतिपत्रिकेवरच्या एकसारख्या चित्रांनी तो कधीच हलत नाही, कारण तिथे सगळी चित्रं मुद्दाम एकाच मापाची छापलेली असतात. मग जमिनीवर खडूने सारख्या चौकटी आखा, एका चौकटीत एकच पान, सगळ्या रांगा एकाच रेषेपासून सुरू. आता पाहिल्यावर खरं उत्तर दिसतं. चौकटी कशासाठी असतात हे त्यानंतर समजावून सांगावं लागत नाही.

भाषेसाठी 'माझं पान ओळखा'. प्रत्येकाने एक पान निवडायचं, त्याबद्दल तीन छोटी वाक्यं लिहायची, मग गटाची पानं एकत्र करून चिठ्ठ्यांसकट शेजारच्या गटाला द्यायची. त्यांनी चिठ्ठी वाचून पान शोधायचं. "माझं पान सुंदर आहे" लिहिणाऱ्याचं पान कोणालाही सापडत नाही, आणि हे त्याला बाईंनी नाही, समोरच्या गटाने सांगितलेलं असतं. दुसऱ्या फेरीत वाक्यं बदलतात. एका मुलीने लिहिलं होतं: "मधल्या रेषेच्या डाव्या बाजूला भोक आहे. भोकातून बोट जात नाही. पेन्सिल जाते." यावर दुसऱ्या गटाने भांडण काढलं की पान उलटं केलं तर भोक उजवीकडे जातं! मग वर्गाने नियम केला: देठ खाली, चकचकीत बाजू वर.

ज्यांचं लिहिणं अडतंय त्यांना पानाचं चित्र काढून बाण दाखवू द्या. देठ, शिरा, कडा, टोक: चार शब्द फळ्यावर आधीच असू द्यात, एकाही शब्दात जोडाक्षर नाही.

बीजांकुर

पाटीपेन्सिल यांना +१. दुखण्याच्या प्रश्नावर बोलतो, वनस्पतिशास्त्र हा माझा विषय.

झाडाला मेंदू नाही, नसा नाहीत, त्यामुळे आपल्याला दुखतं तसं त्याला दुखत नाही. पण एवढ्यावर थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. पान 'मेलं म्हणून पडलं' असं आपण समजतो. प्रत्यक्षात झाडच ते सोडून देतं. रात्री मोठ्या होऊ लागल्या, गारवा वाढला की झाड पानातला कामाचा बराच माल, विशेषतः नायट्रोजन, आत ओढून घेतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो. खोडाच्या बाजूने जखम बुजवणारा बुचासारखा थर येतो. मग वारा, किंवा पानाचं स्वतःचं वजनही पुरतं.

याचा पुरावा मुलांना दाखवता येतो. उन्हाळ्यात मोडून लटकलेली फांदी कुठे दिसली तर बघा: तिची पानं वाळून तपकिरी होतात, पण गळत नाहीत, चिकटून राहतात. फांदीच मेली, सोडायचं काम करणार कोण? दुसरं, पानं गळालेली डहाळी भिंगाखाली धरा. पान जिथे होतं तिथे छोटी खूण दिसते आणि बहुतेक झाडांत तिच्या अगदी वर पुढच्या मोसमाचा कोंब आधीच तयार असतो. त्या मुलाला ही डहाळी हातात द्या.

रंगांबद्दल एक खुलासा, कारण पुस्तकांतही घोळ असतो. पिवळा रंग नवा येत नाही. कॅरोटिनॉइड हिरव्या पानातही असतातच, हरितद्रव्य मोडलं की ते उघडे पडतात. लाल-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन मात्र बऱ्याच झाडांत पानगळीच्या सुमारास नव्याने तयार होतं. म्हणून एकाच झाडाची उन्हातली पानं जास्त लाल आणि सावलीतली कमी, असंही दिसतं.

करून दाखवायचं असेल तर हिरवी पानं बारीक फाडून भांड्यात स्पिरिटमध्ये भिजवा, ते भांडं गरम पाण्यात ठेवा आणि द्रव हिरवा झाला की गाळणकागदाची पट्टी त्यात टोकावर उभी करा. काही वेळाने हिरव्याबरोबर पिवळा पट्टाही वेगळा दिसतो. हे फक्त शिक्षकाने करायचं, खिडक्या उघड्या, आसपास ज्योत किंवा शेगडी नाही. मुलांसाठी सोपा जोडीदार म्हणजे काळ्या स्केचपेनची रेघ गाळणकागदावर ओढून खालचं टोक पाण्यात बुडवायचं. काळ्यातून निळा-गुलाबी बाहेर पडतो. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं हवं, पक्क्या शाईचं चालणार नाही.

निळीशाई

छान धागा, वाचनखूण साठवली. पण कातरकामाला इतकं झोडपू नका हो! सहा वर्षांच्या हाताला कात्री वळवायला यावी लागते, आणि ती वळवूनच येते. साचा तेवढा काढून टाका. कागद मधोमध दुमडून अर्धंच पान कापायला सांगा, उघडलं की पूर्ण. मग खरं पान मधल्या शिरेवर दुमडून बघायचं, दोन्ही बाजू जुळतात का? बऱ्याचदा अगदी नेमक्या जुळत नाहीत. 'कागदाचं जुळतं, झाडाचं का नाही?' यावर माझ्या पहिलीच्या वर्गाने अर्धा तास काढला.

ठसे घेणार असाल तर पानाची शिरा वर आलेली मागची बाजू वर ठेवायची, त्यावर पातळ कागद आणि मेणखडू आडवा, त्याचं कागदी आवरण काढून. टोकाने घासलं की कागद फाटतो आणि मूल रडतं. पान अगदी वाळकं नको, दाबलं की मोडतं.

सहलीची_पिशवी

आधी सावधगिरीचं, कारण वर कोणी बोललं नाही. ओल्या ढिगात बुरशी असते. वर्गात दम्याचं मूल असेल तर ढीग उपसण्याचा खेळ नको, कोरडी पानंच आत आणा. ढिगात थेट हात घालायचा नाही, आधी काठीने उलथायचं. तोडल्यावर चीक येणारी झाडं, काटे, अनोळखी फळं आधीच फिरून बघून ठेवा. नंतर साबणाने हात.

पानं नकोत तर बिया घ्या. पंखवाल्या बिया उंचावरून सोडल्या की भिरभिरत येतात. मिळाल्या नाहीत तर कागदाच्या पट्टीला दोन पंख पाडून खाली क्लिप लावा. लांब पंखाचं आणि आखूड पंखाचं एकदम सोडलं तर आधी कोण खाली येतं, हा अंदाज सगळ्यांना बांधता येतो. पाइनचं शंकू मिळालं तर पाण्यात टाका, खवले मिटतात. वाळलं की पुन्हा उघडतात.

आणि दुपारची सावली. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, त्यानंतर डिसेंबरपर्यंत मध्यान्हीची सावली लांबत जाते. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी एकाच मुलाची सावली खडूने आखा आणि पावलांनी मोजा. पावलं मात्र दरवेळी त्याच मुलाची. आठवडा संपला तरी हे चालू ठेवता येतं.

रेघोट्या

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं! वाटण्या, दोऱ्या, चौकटी, 'माझं पान' असे चार दिवस आणि पाचव्या दिवशी निळीशाईंचं अर्धं पान. स्पिरिटचा प्रयोग मी टाळतेय, ३० मुलं आणि मी एकटी. स्केचपेनचं करेन. डहाळी शोधून ठेवली आहे, कोंब दिसतोय.

दोन शंका. पानं आठवडाभर टिकवायची कशी? आणि भिंतीचं काय?

पाटीपेन्सिल

वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकेक पान सुटं ठेवा, वर जड पुस्तकं. दोन दिवसांनी कागद बदला, नाहीतर बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. आलेखाला सपाट पान बरं पडतं, पण 'वाजणारी' हवी असतील तर थोडी तशीच उघडी राहू द्या.

भिंतीवर तिसऱ्या दिवसाचाच आलेख लावा, मोठ्या कागदावर चौकटी आखून खरी पानं चिकटवलेली. शेजारी चौकटींशिवाय मांडलेल्या रांगांचा फोटो. खाली मुलांच्या चिठ्ठ्या, शुद्धलेखन न सुधारता. मोठ्या बाई बघायला आल्या की कुठल्याही मुलाला बोलवा आणि दोन्हींत फरक काय ते सांगायला लावा. तुम्ही काही बोलू नका.

बीजांकुर

आणि त्या मुलाने डहाळी बघून काय विचारलं ते इथे लिहा. मला उत्सुकता आहे.