कुशीवर वळताना भोवळ येते. फिजिओथेरपीचा उपयोग होतो का?

प्रश्न: माझ्या सासूबाईंना (वय ६८) अंथरुणात उजव्या कुशीवर वळताच काही सेकंद भोवळ येते आणि त्या धास्तीने त्यांनी चालणेही कमी केले आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मोजक्याच गोळ्या देऊन फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. भोवळीवर व्यायाम कसा चालतो?

उत्तर १: आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, ते जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके वळवताना तिथला द्रव अवेळी हलतो आणि मेंदूला नसलेल्या फिरण्याचा संदेश मिळतो. डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोके ४५ अंश वळवून रुग्णाला चटकन आडवे करतात आणि बुबुळांच्या थरथरीवरून कोणता कान दोषी आहे ते ठरवतात. मग जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके टप्प्याटप्प्याने फिरवून कण नलिकेबाहेर काढले जातात. गोळ्यांनी कण हलत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच केले.

उत्तर २: व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करू नका, विशेषतः मानेचे दुखणे असल्यास. बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा दोन-दोन दिसणे यांपैकी काही भोवळीसोबत आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

उत्तर ३: भोवळ गेल्यावरही काहींना थोडे दिवस अस्थिर वाटते. त्यासाठी स्वयंपाकघरातील ओट्याला धरून पावलापुढे पाऊल ठेवत चालण्याचा सराव, सोबत कोणी असताना, करून घ्यावा. चालणे बंद ठेवल्यास पायांतील ताकद कमी होते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.