गेमचा स्कोअर बघून गेम घेता का? अनुभव टाका (सोलापूरकर विशेष)

विजापूर_रोड_वाला
काल भाचा आलाय सुट्टीला. त्याला म्हटलं वाढदिवसाला गेम घेऊन देतो, डेज गॉन घे, सेल लागलाय, मोटरसायकल आहे, झाँबींची आख्खी झुंड मागं लागते, मजा येते. कार्ट्यानं मोबाईल काढला, बघितलं न बघितलं केलं आणि म्हणतो मामा ७१ आहे, पिवळा आहे, नको. म्हटलं पिवळा म्हणजे काय रे, कावीळ झालीय का गेमला? मग मलाच समजावून सांगायला लागला की मेटाक्रिटिक म्हणून साइट आहे, सगळ्या रिव्ह्यूंचे मार्क एकत्र करून शंभरपैकी एक आकडा देते, तिथं ७५ आणि वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. अरे पण स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम जिथून घेतात त्या ऑनलाइन दुकानात, त्याच गेमला खेळणाऱ्यांनी व्हेरी पॉझिटिव्ह दिलंय त्याचं काय? तर म्हणे ते पब्लिक आहे मामा, हे क्रिटिक आहेत.

त्यावरून नवी पेठेतल्या बोळातलं आमचं सायबर कॅफे आठवलं. २००३-०४ ची गोष्ट. सीपीयूचं एका बाजूचं पत्रं कायम काढलेलं आणि आत तोंड करून टेबल फॅन लावलेला, कारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला गेला की मशिनी गपकन बंद पडायच्या. फॅन मशिनीला, आपण घामात. कॅबिनेटवर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर मार्करनं गेमची नावं, आयजीआय, व्हाइस सिटी, रोड रॅश, मोस्ट वाँटेड नंतर आला. हार्डडिस्क केवढीशी, सगळे गेम मावायचे नाहीत, मग जो गेम कुणी खेळेना त्याच्या नावावर मालक काट मारायचा आणि त्या जागी नवीन टाकायचा. व्हाइस सिटीवर कधी काट बसलेली मी बघितली नाही. पोरं तासाचे पैसे मोजून परत परत तेच लावायची, आमच्या लेखी तोच स्कोअर.

तर तुम्ही नवीन गेम कसा ठरवता? आकडा बघून, यूट्यूब बघून, का मित्र म्हणाला म्हणून? लिहा. ज्ञान नको, अनुभव टाका.

आसरा_चौक
दहावीला ३५ ला पास आणि गेमला ७१ ला नापास, हा कुठला बोर्ड बे

नवीपेठ_९८
ते जिन्याखालचं का? आत गेलं की डोकं आपटायचं ते? तिथं आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. मालक दादा ओरडायचे बघा, कीबोर्ड फोडू नका रे म्हणून, स्पेसबार तर एकाही पीसीचा धड नव्हता.

विजापूर_रोड_वाला
तेच तेच. डोकं आपटायचं तेच.

लोडशेडिंग_ग्रस्त
आयजीआयचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. २००० चा गेम, मिशनच्या मधे सेव्ह करताच यायचं नाही, त्यावरून बाहेरच्या रिव्ह्यूवाल्यांनी तेव्हा लई तक्रार केली होती. मी नंतर वाचलं ते आणि हसू आलं. आमच्याकडं सेव्ह असून काय करणार होतो, लोडशेडिंगच्या टायमाला यूपीएस टूंटूं करायला लागला की मिशन गेलंच, त्यामुळं आम्ही सगळे गेम आयजीआयसारखेच खेळायचो. टॉवरवरच्या स्नायपरला लांबूनच उडवायचा, कॅमेरे बंद करायचे, मग हळूच कुंपण. अजून पाठ आहे. माझा भाऊ तर वहीत नकाशे काढायचा, त्याच वहीत मागं बीजगणित होतं, पुढं काय झालं ते सांगत नाही.

आसरा_चौक
सांगा की, बीजगणिताचं काय झालं

लोडशेडिंग_ग्रस्त
भाऊ इथं वाचतो, नको

कंबरतलाव
स्कोअर म्हणजे नुसता आकडा असं म्हणणाऱ्यांसाठी एक. २०१० चा फॉलआऊट न्यू वेगास. बनवणारे ऑब्सिडियन, त्यांना बोनस कबूल केलेला पण अट अशी की मेटाक्रिटिकवर ८५ पाहिजे. आले ८४. बोनस गेला. हे त्यांच्यातल्याच क्रिस अवेलोननं २०१२ ला ट्विटरवर सांगितलं होतं. त्यात मेटाक्रिटिक सरळ सरासरी काढत नाही, कुठल्या रिव्ह्यूला जास्त वजन कुठल्याला कमी, आणि ते वजन किती ते बाहेर सांगतही नाहीत. आज लोक न्यू वेगासला त्या मालिकेतला सगळ्यात भारी म्हणतात, पण तो बोनस काही कुणी आणून दिला नाही.

आसरा_चौक
एक मार्क ग्रेस द्यायला काय झालं होतं यांना

शेंगाचटणी_फॅन
४० हजारात पीसी होईल का? कार्ड कुठलं घ्यावं? जीटीए ६ चालला पाहिजे.

कंबरतलाव
जीटीए ६ आधी कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स) येतोय रे, १९ नोव्हेंबर २०२६ म्हणतायत, पीसीचं अजून काही जाहीर नाही. आत्ता घेऊन काय करतोस.

कडकभाकरी_ताई
मी पण खेळते, हसू नका. दोन्ही पोरं झोपली की अर्धा तास मिळतो, कधी तोही नाही. मला या रिव्ह्यूवाल्यांना एकच विचारायचंय, तुम्ही ग्राफिक्स लिहिता, स्टोरी लिहिता, साठ तासांचा गेम आहे असं कौतुकानं लिहिता, पण पॉज करता येतो का नाही ते पहिल्या ओळीत लिहा ना! दिरानं एल्डन रिंग टाकून दिला, म्हणाला वहिनी ९६ आहे, डोळे झाकून खेळा. बरं. खेळले. राक्षस अर्धा मारत आणला, तेवढ्यात धाकटा उठला, मी पॉजचं बटण शोधतेय तर पॉजच नाही!! मेनू उघडला तरी मागं तो मारतोच आहे. पोराला पाणी देऊन परत आले तर मेलेले. ९६ म्हणे. ज्याच्या घरी कुणी हाक मारत नाही त्याच्यासाठी ९६.

हुतात्मा_पॅसेंजर
ताई हे वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे

पुण्यात_सोलापुरी
पुण्यात गेम टेस्टिंगला होतो काही वर्षं, कंपनीचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळायचे आणि पगार घ्यायचा, माझ्या आईला अजून तसंच वाटतं, पाहुण्यांना सांगते गेम खेळतो म्हणून. प्रत्यक्षात काय, एक खोली दिली की तिच्या प्रत्येक भिंतीला कॅरेक्टर घासत न्यायचं, कुठं भिंतीतून आत पडतो का बघायला. उभं राहून, वाकून, पळत, उडी मारत, पाठ लावून, परत पुढचा कोपरा. पडला की आनंद, मग परत पाडून दाखवायचा, त्याला रिप्रो म्हणतात. दहा वेळा केलं आणि तीनदाच पडला तर तसं लिहायचं. मग बग टाकायचा आणि वरून शेरा येतो वोन्ट फिक्स, म्हणजे राहू दे तसाच. का, तर तारीख जवळ आलीय.

आता रिव्ह्यूचं. रिव्ह्यूवाल्यांना कॉपी आधी जाते, एम्बार्गो असतो, म्हणजे अमुक तारखेच्या आत तोंड उघडायचं नाही. आणि डे वन पॅच, म्हणजे रिलीजच्या दिवशीची दुरुस्ती, येते ती वेगळीच. त्यामुळं स्कोअर ज्या गेमला मिळाला आणि तुम्ही पहिल्या दिवशी जो डाऊनलोड केला ते दोन्ही एकच असतील याची खात्री नाही, कधी तुमचा बरा असतो कधी त्यांचा. सायबरपंक हा गेम आठवा, डिसेंबर २०२०. रिलीजच्या आधी रिव्ह्यूला फक्त पीसीची कॉपी दिली, स्वतः खेळलेलं रेकॉर्डिंग दाखवायलाही बंदी, म्हणून सगळीकडं तेच कंपनीचं व्हिडिओ. पीसीला ८६, सोनीच्या पीएस४ कन्सोलला नंतर ५७. नाव एकच. आठवड्याभरात सोनीनं गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला. मग २०२३ ला २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा जादा भाग आल्यावर तोच गेम लोक डोक्यावर घेऊन नाचायला लागले. ते ८६ मात्र तिथंच लिहिलेलं आहे.

पगाराचं विचारू नका.

शेंगाचटणी_फॅन
पगार किती होता?

पूर्वभाग_प्लेयर
तुमचं ते मेटा बिटा आमच्याकडं नाही चालत. आम्ही फोनवाले. नवीन गेम आला की दोनच प्रश्न, किती जीबी आणि फोन तापतो का. २०२० च्या सप्टेंबरला पब्जी बंद झाला तेव्हा आमच्या गल्लीत पोरं खरंच सुतकात होती, घरात अम्मा तेलुगूत विचारायलीय काय झालं रे कुणी गेलं का. मग २०२१ ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला, २०२२ ला परत गायब, २०२३ ला परत हजर. ज्या गेमचाच भरवसा नाही त्याच्या स्कोअरला काय करता. रात्रपाळीला टॉवेलच्या कारखान्यात असतो, मागांच्या खडखडाटात पावलांचा आवाज कुठून येतो कळत नाही, त्यामुळं मी आधी मरतो. टीम शिव्या घालते. सुट्टीच्या टायमात खेळतो हां, मालक वाचत असतील तर.

नवीपेठ_९८
मागाच्या आवाजात पब्जी, तुला वेगळा रँक दिला पाहिजे भावा

गड्ड्यावरचा_पोऱ्या
आमच्या वेळी गड्डा यात्रेला होम मैदानावरून टीव्ही गेम आणला होता पप्पांनी. कॅसेटवर छापलेलं ९९९९९९ इन १. खरे निघाले मोजून थोडेच, तेच परत परत, फक्त मारिओचा रंग बदलायचा. कुठला रिव्ह्यू आणि कुठला क्रिटिक, कॅसेटवर ज्याचं चित्र भारी तो गेम भारी. चित्रात असायचा अर्नोल्डसारखा माणूस आणि आत निघायचं बदक.

लोडशेडिंग_ग्रस्त
बदकावर बोलायचं नाही. त्या बदकं मारायच्या गेमची बंदूक टीव्हीला टेकवून मारायचो आम्ही.

हुतात्मा_पॅसेंजर
मी आठवड्याला सोलापूर-पुणे करतो, गाडीत स्टीम डेकवर (हातात धरायचा गेमचा पीसी) खेळतो, शेजारचे काका दौंडपर्यंत बघत बसतात आणि मग विचारतात हे केवढ्याला पडलं. खरं सांगितलं की पुढचा प्रश्न लग्न झालंय का.

विषयावर येतो. सिल्कसाँग नावाचा गेम, ४ सप्टेंबर २०२५. बनवणाऱ्या टीम चेरीनं कुण्णालाच आधी रिव्ह्यू कॉपी दिली नाही. रिलीजच्या दिवशी एकही स्कोअर नाही, तरी एवढी गर्दी लोटली की स्टीमसकट सगळी ऑनलाइन दुकानं काही वेळ झोपली. मला ते लई आवडलं, सगळे एकदम अंधारात. आणि मग मजा बघा, बाकी जग वाहवा करतंय आणि स्टीमवर चिनी भाषेतले रिव्ह्यू मात्र निगेटिव्ह, कारण त्यांचं भाषांतर गंडलेलं. म्हणजे एकच गेम, कुणाला सोनं कुणाला डोकेदुखी, आकडा कुणाचा धरायचा सांगा. मी स्वतः अजून तिसऱ्या की चौथ्या बॉसला अडकलोय, केडगावच्या आसपास दर वेळी मरतो.

जुळे_सोलापूर
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. पगारातून घर चालवून उरलेल्या पैशात वर्षाला एखाददुसरा मोठा गेम घेतो मी, आता नवा मोठा गेम म्हणजे चार-पाच हजार, त्या पैशात घरात काय काय येतं बायको लगेच सांगते. मग मी स्कोअर बघणार नाही तर काय करणार? तुम्ही म्हणता आकडा फसवतो, मान्य, पण यूट्यूबवाला फसवत नाही का, त्याला तर गेम फुकट आणि वर पैसे. फक्त मी एक पथ्य पाळतो, सगळ्यात जास्त मार्क देणाऱ्याचा वाचत नाही, ५०-६० देणारा काय म्हणतो ते शांतपणे वाचतो. तो ज्याला शिव्या घालतोय त्या गोष्टी मला चालणाऱ्या असतील तर घेतो. "फार संथ आहे" असं लिहिलेलं असलं की मी लगेच खूश, मला संथच पाहिजे. आणि पीसीवर असाल तर स्टीमचं लक्षात ठेवा, घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पहिला तास नुसता कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या गोष्टीच्या व्हिडिओत, घालवू नका.

कंबरतलाव
फुकट आणि वर पैसे वरून, २००७ ला गेमस्पॉट या रिव्ह्यू साइटच्या जेफ गर्स्टमननं केन अँड लिंच या गेमला १० पैकी ६ दिले, आणि त्याच गेमची जाहिरात साइटभर लागलेली. नोकरी गेली त्याची. तेव्हापासून कुणी ७ दिले की मला पहिली शंका येते की याला खरं तर ५ द्यायचे होते.

पुण्यात_सोलापुरी
आणि चांगला स्कोअर आला म्हणून बनवणारे वाचतात असंही नाही. हाय-फाय रश हा गेम, २०२३, सगळ्यांनी कौतुक केलं, अवॉर्ड मिळाले. २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं तो स्टुडिओच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. नंतर क्राफ्टननं उचलला ते नशीब.

पूर्वभाग_प्लेयर
क्राफ्टन म्हणजे आपला बीजीएमआयवाला? बघा, शेवटी आमच्याच पैशानं वाचले

नवीपेठ_९८
पुण्याचाच राजी खेळलाय का कुणी, २०२० चा, नॉडिंग हेड्सचा? लढाई जरा कच्ची वाटली पण भिंतीवरची चित्रं आणि ते वाडे बघतच राहावे असे. मी आपला आहे म्हणून दोन मार्क जादा दिले, खोटं कशाला बोलू.

विजापूर_रोड_वाला
सगळं वाचतोय, पाणी आलंय, पाच दिवसांनी आलंय, मोटर लावून येतो. राजीचा विषय चालू ठेवा.

जुळे_सोलापूर
तुमच्याकडं आलं? आमच्याकडं उद्या म्हणतायत.

आसरा_चौक
आमच्याकडं कालच येऊन गेलं, रात्री दोनला. ड्रम भरता भरता कंट्रोलर भिजला माझा.

शेंगाचटणी_फॅन
कंट्रोलर तांदळात ठेव. आणि माझ्या ४० हजारांचं कुणीतरी सांगा हो.

लोडशेडिंग_ग्रस्त
आधी इन्व्हर्टर घे. मग उरलेल्या पैशात बोलू.

हुतात्मा_पॅसेंजर
कडकभाकरी ताई, तुमच्यासाठी शोधून आणलंय. एल्डन रिंगमध्ये पॉज आहे, लपवलाय. इन्व्हेंटरी उघडा, तिथून हेल्प, त्यात मेनू एक्स्प्लनेशन. ते उघडं असेपर्यंत गेम थांबतो. ऑनलाइन असाल तर आधी ऑफलाइन करून घ्या.

कडकभाकरी_ताई
अय्या खरंच थांबला!! तीन बटणं दाबेपर्यंत एक फटका बसला पण थांबला. देव भलं करो. आता एवढं सांगा, सगळ्यांच्या व्हिडिओत घोडा दिसतो, माझी बाई अजून पायीच चाललीय. घोडा कुठं मिळतो?

कंबरतलाव
मेलिना भेटली का ताई? दोन-तीन ठिकाणी त्या उजेडाजवळ बसा, ती येते आणि शिट्टी देते. ती वाजवली की घोडा.

कडकभाकरी_ताई
ती आली होती. मला वाटलं काहीतरी विकायला आलीय, नको म्हणून सांगितलं.