पांढरी सायकल कुणासाठी?

भल्यापहाटे
"हायवेवर शेकडो किलोमीटर सायकल हाणायची ही भरल्या पोटाची हौस. त्यात कुणी गेला की मूक राइड, मेणबत्त्या, रस्त्याकडेला पांढरी सायकल. मरणाचाही इव्हेंट." काल या फोरमवर घाटरस्ता यांनी हे लिहिलं. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लांब पल्ल्याचा ब्रिटिश सायकलपटू माइक हॉल २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल ते सिडनी सायकल शर्यतीत होता. साडेपाच हजार किलोमीटर, बाहेरची मदत नाही, सामान आपलं आपण वाहायचं. ३१ मार्चला उजाडायच्या आत कॅनबेराजवळ मोटारीनं उडवलं. वय ३५. शर्यत तिथंच थांबवली. त्या रविवारी सिडनीत लोक त्याच्यासाठी ऑपेरा हाउसपर्यंत सायकलवर गेले. त्यातल्या कितीतरी जणांनी त्याला कधी पाहिलंही नसेल. याला इव्हेंट म्हणायचं?

पांढऱ्या सायकलीची रीत २००३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला सुरू झाली. माणूस जिथं पडला तिथंच ती बांधतात. मी दर रविवारी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडनं जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत नेरुळजवळ अवतार सैनी पहाटे सायकलवर असताना टॅक्सीनं उडवलं. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ चिपवर काम केलेला माणूस. तिथून जाताना माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. गाडी चालवणाऱ्या अनोळखी माणसाचा पायही तिथं ब्रेकवर जावा, यासाठी ती सायकल.

घाटरस्ता
अर्धीच गोष्ट सांगितलीत. हॉलनंच सुरू केलेली ट्रान्सकॉन्टिनेंटल ही युरोपातली सायकल शर्यत त्याच वर्षी जुलैत झाली आणि पहिल्याच रात्री बेल्जियममध्ये एक स्पर्धक गाडीखाली गेला. झोप मोडून रात्रभर पेडल मारायचं आणि दोष सगळा गाडीवाल्याचा?

माझे वडील तीस वर्षं ट्रकवर होते. एकदा खोपोलीजवळ बिनदिव्याचा सायकलवाला एकदम समोर आला. तो वाचला. तरी वडील घरी येऊन दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यांच्यासाठी कुणी मूक राइड काढली नाही.

बीआरएमवाली
बिनदिव्याचा? ब्रेव्हेला (बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) हेल्मेट, दोन्ही दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर सुटायलाच देत नाहीत. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, त्यात झोप मोडायचा प्रश्नच येत नाही. एवढं सगळं अंगावर असताना मला मागून धडक बसली. कॉलरबोन मोडलं. चौकीत पहिला प्रश्न काय, तर "बाई, एवढ्या पहाटे तिथं काय करत होता?"

वेदांगी कुलकर्णी विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सायकलवर २९ हजार किमी एकटी जगभर फिरून आली. स्पेनमध्ये तिला लुटलं, तरी थांबली नाही. ही हौस?

घाटरस्ता
हो, हौसच. मोठी असेल, पण हौस. आणि जॅकेट घातलं म्हणजे रस्ता नावावर होत नाही. दोघं-दोघं शेजारी गप्पा मारत चालवता ते आधी बंद करा. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाकं थांबवली. का? थांबला की जमाव बडवतो म्हणून!

भल्यापहाटे
म्हणून माणूस रस्त्यात तडफडत सोडून जायचं? हेच समर्थन करताय ना?

घाटरस्ता
तोंड सांभाळून. माझ्या बापानं कुणाला सोडलं नाही.

दुसरी पाळी
तुम्हा दोघांचं वाचतोय. माझे वडील २००९ साली रात्रपाळी उरकून चाकणच्या रस्त्यानं सायकलवर घरी येत होते. गाडी सापडलीच नाही. हिट अँड रनची भरपाई तेव्हा पंचवीस हजार होती, ती मिळवायला आईनं वर्षभर खेटे घातले. आता दोन लाख झालीय. हेल्मेट नव्हतं, दिवा नव्हता, कारण पगार नव्हता. ते हौशी नव्हते, मोहिमेवर नव्हते, चिप बनवणारेही नव्हते. भल्यापहाटे, रोज कामावर सायकल मारणाऱ्यांतलं एकतरी नाव तुमच्या लेखात आहे का?

बीआरएमवाली
ब्रेव्हेत पहाटे आम्हाला भेटतात ते हेच लोक. दूधवाले, कंपनीतून सुटलेले. आम्ही हात करतो, पुढं जातो. नाव कधी विचारलं नाही.

भल्यापहाटे
नाही, एकही नाव नाही. चूक माझी. पण म्हणून सैनींची आठवण खोटी ठरत नाही, हेही ठामपणे सांगतो.

घाटरस्ता
दुसरी पाळी, 'इव्हेंट' हा शब्द मागे घेतो. तुमच्यासाठी घेतो, या दोघांसाठी नाही. हौसेबद्दलचं मत तेच आहे. आणि तिथं पांढरी सायकल लागली तर ट्रकवाल्यालाच आधी दिसेल, एवढं मान्य.

भल्यापहाटे
ठिकाण सांगा. जुनी सायकल आहे माझ्याकडे, रविवारी रंगवून आणतो.

दुसरी पाळी
आईला विचारावं लागेल. ती अजून त्या रस्त्यानं जात नाही.