पाचवीत आलेल्या मुलाला वाचता येत नाही, जाब कोणाला विचारायचा?

गणितमास्तर, फोंडा

अनुदानित हायस्कुलात पाचवी ते सातवीला गणित शिकवतो. नवी पाचवी आली की पहिल्या आठवड्यात मी गणित सोडवायला देत नाही, नुसतं वाचायला देतो. 'एका टोपलीत १२ आंबे होते, त्यांतले ५ विकले.' यंदा ३८ पैकी ११ जण अडखळले. त्यांतल्या चौघांना अक्षरओळखही धड नाही. वजाबाकी राहिली बाजूला.

आपल्या गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, पाचवीला मूल हायस्कुलात. घोळ नेमका या सांध्यावर होतो. ते म्हणतात आम्ही शिकवून पाठवलं, आम्ही म्हणतो कच्चं आलं. मग मूल तसंच पुढे ढकललं जातं आणि नववीत आपटतं. राष्ट्रीय सर्वेक्षणं होतात, २०२१ च्या नोव्हेंबरात झालं, २०२४ च्या डिसेंबरातही झालं. पण ती निवडक शाळांतली निवडक मुलं घेऊन केलेली. त्यातून राज्याचं, जिल्ह्याचं चित्र कळतं, आमच्या गावची शाळा कशी आहे ते कळत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पाचवीच्या पहिल्या महिन्यात वाचनाची चाचणी घ्या आणि मुलं ज्या प्राथमिक शाळेतून आली, तिच्या नावाने निकाल पंचायतीच्या फलकावर लावा. पगार सरकारी तिजोरीतून जातो, तर हिशेब गावाला कळू दे.

सत्तरी तालुक्यातली बाई

सर, फलक जरूर लावा, पण मग पुरता लावा. माझ्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १९ मुलं आणि आम्ही दोघी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा शिक्षण हक्क कायदा. म्हणजे कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात एका बाईसमोर एकाच वेळी दोन इयत्ता. पहिलीचा हात धरून 'ग' गिरवून घ्यायचा, तोवर तिसरीची हातच्याची वजाबाकी वाट बघते. त्यात एक जण मतदारयादीच्या कामावर. कायदा म्हणतो जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका. पण पंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा धरली तर निवडणूक नसते कधी?

आणखी एक. सकाळी वाड्यावर अनुदानित संस्थेचा बालरथ, म्हणजे शाळेची बस येते. त्या संस्थेची स्वतःची प्राथमिकही आहे. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कोणी आहे, ती मुलं बालरथात चढतात. आमच्याकडे उरतात त्यांतली निम्मी कामगारांची. घरी कन्नड, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. एक मुलगा तिसरीच्या ऑक्टोबरात आला, त्याआधी दोन गावं फिरून. चौथी संपल्यावर तुमच्याकडे येईल आणि फलकावर तो माझा निकाल.

डिचोलीकर

१९ मुलांना दोन बाई आणि तरी तक्रार! आमच्या वर्गात चाळीसच्या वर पोरं होती, गुरुजी एक. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, त्या इमारतींत आज पोरं मोजून मिळतात. लोकांनी पाठ का फिरवली? सगळा दोष बालरथाचा?

माझंच सांगतो. मुलगा चार वर्षं सरकारी शाळेत होता. प्रगतीपुस्तकात वाचनापुढे चारही वर्षं 'उत्तम'. पाचवीत कळलं, जोडाक्षर आलं की हा थांबतो. 'उत्तम' कोणी लिहिलं? मला खरं सांगितलं असतं तर रोज संध्याकाळी अर्धा तास घेऊन बसलो असतो. माझी चार वर्षं त्या एका शब्दाने घालवली.

पेडण्याची आई

मूळ दुखणं माध्यमाचं. १९९० पासून प्राथमिकला अनुदान फक्त मराठी-कोंकणीला, मग २०११ मध्ये इंग्रजीलाही. तिथून सरकारी शाळा...

डिचोलीकर

ताई, माध्यमावर आम्ही निवडणुका लढवून झालो. इथे नको.

माशेलकर, सध्या न्यू जर्सी

फलकाची कल्पना इथे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर करून झाली आहे, म्हणून लिहितो. २००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी कायदा केला. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा, शाळावार निकाल जाहीर, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं आपल्या इयत्तेच्या पातळीवर आलीच पाहिजेत. मागे पडणाऱ्या शाळेवर वाढती कारवाई. शंभर टक्के कुठेच झालं नाही. काही राज्यांनी उत्तीर्णतेची रेषाच खाली आणली. अटलांटात २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली जात होती. २०१५ मध्ये तो कायदा बदलला.

पण मास्तरांच्या बाजूनेही एक आहे. त्या कायद्याने गरीब, कृष्णवर्णीय, अपंग मुलांचे निकाल वेगळे दाखवायला लावले. त्याआधी शाळेच्या सरासरीत ती झाकली जायची. चौथीच्या गणितात सुधारणा झाल्याचं अभ्यासकांना दिसलं, वाचनात मात्र तसं काही ठळक दिसलं नाही. म्हणजे मोजल्याने थोडं हलतं. मोजणीला शिक्षा जोडली की खोडरबर बाहेर येतं.

गणितमास्तर, फोंडा

शिक्षा कोण म्हणतंय? मी फलक म्हटलं. बरं, बाईंचं एक पटलं: तिसरीच्या ऑक्टोबरात आलेल्या मुलाचा भार चार वर्षांच्या शाळेवर टाकणं अन्याय. त्या मुलांचा आकडा वेगळा लावा. आल्या दिवशी किती येत होतं आणि चौथीअखेर किती आलं, तेही लावा. रिकाम्या जागा, निवडणूक-कामात गेलेले दिवस, सगळं त्याच फलकावर. भागशिक्षणाधिकारी वर्षात किती वेळा वर्गात बसून गेले तेही.

पण फलकच नको, हे मान्य नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. म्हणजे शेवटी हिशेब द्यायचा तो दहा वर्षांच्या पोराने. मोठ्या माणसांची परीक्षा कुठे आहे?

सत्तरी तालुक्यातली बाई

आल्या दिवशीचं मोजणार असाल तर माझी हरकत संपली. मुलांची नावं तेवढी नकोत. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

डिचोलीकर भाऊंचं उत्तर राहिलं. तुमच्या मुलाची शाळा कुठली ते मला माहीत नाही, पण 'उत्तम' कसं लिहिलं जातं ते माहीत आहे, मीही लिहिलंय. शेरा उत्तेजन देणारा हवा, असं प्रशिक्षणात सांगतात. 'वाचता येत नाही' लिहिलं की वरून विचारणा, उपचारात्मक वर्गाचा अहवाल, त्याचे फोटो. मार्चच्या शेवटी १९ पुस्तकं भरताना हात आपोआप तो शब्द लिहितो. यंदा तिघांच्या पुस्तकात 'जोडाक्षरे येत नाहीत' असं लिहिलं. दोघांच्या आया भांडायला आल्या. तिसरी आलीच नाही, तिला ते वाचता आलं नसेल.