वेस्टल म्हणजे नुसतं 'तरंगतं गॅरेज'?

लंगर: वेस्टल म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं दुरुस्ती-जहाज, एन्टरप्राइज विमानवाहू; बॅटल स्टार म्हणजे लढाईत भाग घेतल्याचे तारे. काल कुणीतरी पोस्ट टाकली, "एन्टरप्राइजला 20 बॅटल स्टार, वेस्टलला 2. तरंगतं गॅरेज ते, कौतुक किती करायचं?" डोकंच फिरलं. पॅसिफिकमधल्या सांताक्रूझच्या लढाईत जपानी बॉम्ब खाऊन एन्टरप्राइज 30 ऑक्टोबर 1942 ला नूमेया बंदरात दुरुस्तीला आली. हॉर्नेट ही दुसरी विमानवाहू नुकतीच बुडालेली. 11 नोव्हेंबरला एन्टरप्राइज पुन्हा ग्वादलकनाल बेटाच्या लढाईकडे निघाली, तेव्हाही वेस्टलची माणसं तिच्यावर ठोकाठोक करतच होती!

माजी नौसैनिक: भावना पोचल्या. पण तारे लढाईचे असतात, वेल्डिंगचे नाहीत.

फिटरचा पोरगा: हो का? पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला तेव्हा वेस्टल अॅरिझोना या युद्धनौकेला खेटून उभी होती. वेस्टलला दोन बॉम्ब लागले. अॅरिझोना फुटली तेव्हा वेस्टलचा कप्तान, कमांडर कॅसिन यंग उडून पाण्यात पडला, पोहत परत आला आणि 'जहाज सोडा' हा हुकूम रद्द केला. पाणी भरत होतं म्हणून बोट उथळ जागी नेऊन रुतवली. मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालं, गॅरेजवाल्याला!

माजी नौसैनिक: मिळालं ना? मग रडगाणं कसलं? आणि यंग मेला क्रूझरवर, लढताना.

लंगर: यंगचं सोडा. वेस्टलवरच्या जो जॉर्ज या खलाशाचं काय? अॅरिझोनाशी बांधलेले दोर कापा असा हुकूम असताना त्यानं जळत्या अॅरिझोनावर दोर फेकला. भाजलेल्या हातांनी सहा जण त्या दोराला लोंबकळत आले. ब्राँझ स्टार हे पदक 2017 मध्ये, तो वारल्यावर 21 वर्षांनी!

माजी नौसैनिक: हुकूम मोडला की उशीर व्हायचाच. शेजारी आग, प्रत्येकानं मनाचं केलं असतं तर वेस्टलही जळाली असती.

फिटरचा पोरगा: त्या सहा जणांत तुम्ही असतात तर शिस्त आठवली असती?

माजी नौसैनिक: वैयक्तिक नको. मी 15 वर्षं हुकूम पाळलेत.

फिटरचा पोरगा: माझे बाबा गोदीत फिटर. रात्रभर शाफ्टखाली आडवे पडून काम करायचे. सकाळी बोट सुटली की फोटो धक्क्यावरच्या साहेबांचा. घरी आई रॉकेलचा बोळा घेऊन त्यांच्या नखांतलं ग्रीस काढत बसायची. वैयक्तिकच आहे हे.

माजी नौसैनिक: बरं बाबा, जॉर्जला उशीर झाला, मान्य. वेस्टलला तिसरा तारा माझ्या खिशातून.

कोळसेवाला: कुणी सांगितलंच नाही, ती मुळात 1909 ची कोळसावाहू बोट. दुरुस्तीची झाली 1913 ला.

लंगर: आणि भंगारात विकली 1950 ला. एन्टरप्राइज 1958 ला. 18 तारे जास्त, आठ वर्षं जास्त.