अनुभव धागा : घराचं काम नेमकं कुठवर आलंय?

कात्रजचा घाट

आमच्या पंचवीस वर्षं जुन्या फ्लॅटचं काम काढलंय. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघर, सगळं वायरिंग, खिडक्या. सध्या भाड्याच्या घरात राहतो. संध्याकाळी चक्कर मारते आणि ठेकेदाराला विचारते, "कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं : "ऐंशी टक्के झालं मॅडम, आता किरकोळच राहिलंय." गणपतीत ऐंशी टक्के होतं. दिवाळीचा फराळ भाड्याच्या घरात झाला तेव्हाही ऐंशीच. नवऱ्याने हौसेने एक्सेल केलंय, पण त्यात बहुतेक ओळींपुढे "चालू आहे" एवढंच लिहिलेलं.

महिनोन्‌महिने रेंगाळलेलं काम ज्यांनी निभावलंय त्यांनी लिहा, माग कसा ठेवलात? वही, एक्सेल, व्हॉट्सॲप, भिंतीवरचा खडू, काहीही चालेल. ठेकेदारांची आणि कंपन्यांची नावं नकोत. आणि कृपया "आमचा सुतार फार गुणी" याच्यासाठी वेगळा धागा काढा.

निवृत्त साइटवाला

ठेकेदार खोटं बोलत नाहीये. तोडफोड, विटकाम, प्लास्टर, लाद्या ही डोळ्यांत भरणारी कामं खरंच उरकलेली असतात आणि पैसाही बराचसा त्यांतच गेलेला असतो. उरतात दारं, नळ, स्विच, पॉलिश. प्रत्येक काम अर्ध्या दिवसाचं, पण माणूस वेगळा, आणि एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही. प्लंबर येतो तर ओट्याचा ग्रॅनाइट कापलेला नसतो. ग्रॅनाइटवाला येतो तर सिंकच घरात आलेलं नसतं. त्यामुळे "चालू आहे" हा शेरा आधी काढून टाका. काम झालं किंवा नाही झालं, एवढंच लिहायचं, आणि नसेल झालं तर ते कशासाठी अडलंय ते शेजारच्या रकान्यात. तो रकाना रोज वाचा. अर्ध्या गोष्टी तुमच्याच निर्णयासाठी अडलेल्या सापडतील : हँडल कुठलं, रंग कुठला, गीझर आडवा की उभा.

दुसरं, पैशाचे हप्ते. "प्लंबिंग झाल्यावर इतके" असं कधी ठरवू नये. "पाइपात प्रेशर भरून ठेवलं आणि सकाळपर्यंत काटा उतरला नाही, की इतके" असं ठरवावं. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचंही तसंच. आउटलेट बंद करून पाणी तुंबवून ठेवायचं, निदान दोन दिवस, पातळीची खूण भिंतीवर करायची, आणि मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघायचं. खालच्या काकूंनी "कोरडं आहे" म्हटलं की हप्ता द्या. लादी त्यानंतर.

तिसरं, खडू. नवीन लिंटेल (दारा-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी), ओटा, कट्टा, जे काही ओतलंय त्यावर ओतल्याची तारीख लिहा. साइटवर आम्ही कॉलमवर लिहायचो. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर किमान 10. गोणीवर पीपीसी छापलेलं असतं, बघा. फ्लॅटच्या कामात तीन दिवस मारलं तरी खूप झालं असा समज आहे. तारीख समोर लिहिलेली असली की मिस्त्रीशी वाद घालावा लागत नाही.

गिरगावकर

आम्ही गोण्या मोजल्या. सोसायटीत कामाची वेळ ठरलेली, दुपारी ठोकाठोक बंद, डेब्रिज गोणीत भरूनच खाली न्यायचं आणि पैसे गोणीमागे. त्यामुळे वॉचमनच्या वहीत आमच्या घरातून रोज किती गोण्या उतरल्या ते आपसूकच लिहिलं जाई. ज्या दिवशी एकही नाही, त्या दिवशी वर माणसं चहा पीत होती असं खुशाल समजावं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही फेकू देऊ नका. बिलात जितक्या लावल्यात तितक्या रिकाम्या दिसल्या पाहिजेत.

हर्णै बंदर

आमचं काम हौसेचं नव्हतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घराचं अर्धं छप्पर गेलं. चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, पण पडवीवर माड पडला, वासे मोडले, मंगलोरी कौलांचा चुरा. लॉकडाउन चालू, आम्ही डोंबिवलीत. गावात वीज कित्येक दिवस नव्हती, फोन लागायचा नाही. पंचक्रोशीत सगळ्यांचीच छपरं गेलेली, त्यामुळे पत्रा मिळेना, कौल मिळेना, सुतार तर त्याहून मिळेना.

काकांनी गावाकडे वही घातली. एका पानावर हजेरी, समोरच्या पानावर उचल. शनिवारी हिशेब. पुढे ती वही आम्ही चाळली तेव्हा काम का लांबलं ते त्यातच दिसलं. भातकापणी संपेपर्यंत पानं कोरी. मग काम जोरात. शिमग्याला पुन्हा कोरी, कारण पालखी नाचवायची सोडून कोण कौलं चढवणार? एप्रिलात लग्नसराई. मृग जवळ आला की गडी पेरणीला. कोकणात घराचं वेळापत्रक करायचं तर आधी शेतीचं आणि सणांचं मांडावं, उरलेल्या दिवसांत घर. पुण्या-मुंबईचा आर्किटेक्ट हे लक्षात घेत नाही.

आम्हाला लांबून कळावं म्हणून चुलतभाऊ दर रविवारी फोटो पाठवायचा. पहिले दोन महिने प्रत्येक फोटो वेगळ्या जागेवरून, काही पत्ता लागायचा नाही. मग ठरवलं : विहिरीच्या काठावरून एक, मागच्या पडवीच्या पायरीवरून एक, माजघरात उभं राहून आढ्याकडे एक. तेच तीन, दर रविवारी. ते ओळीने लावले की कुठला वासा कधी बदलला तेसुद्धा कळतं. मे 2021 मध्ये तौक्ते येतंय म्हणाले तेव्हा आढ्यावरची कौलं बसायची राहिली होती. ते शेवटच्या फोटोत दिसत होतं म्हणूनच आम्ही फोनवर ओरडून ताडपत्री बांधून घेतली. नाहीतर "छप्पर झालं" असंच ऐकून होतो.

बार्शी लाइट

हर्णैकर, वहीचं अगदी पटलं. आमच्याकडे मात्र मिस्त्रीपेक्षा भावांचा माग ठेवायची वेळ आली.

वडिलांचं माळवदाचं घर. तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि वर जाडजूड पांढरी माती. दर उन्हाळ्यात माळवदावर माती टाकून चोपायची, नाहीतर पावसात गळणारच. वडील गेल्यावर ते कोण करणार? माती उतरवून पुढच्या दोन खणांवर स्लॅब टाकायचा, मागचं तसंच जपायचं असं ठरलं. आम्ही तिघे भाऊ : एक गावात, एक सोलापुरात, मी पुण्यात. काम बघणार गावातला थोरला, पैसे तिघांचे.

वर्षभर चाललं. थोरल्या दादाला हिशेब मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं. न मागावं तर घरात बायका एकमेकींना विचारायच्या, "एवढे कसे लागले?" शेवटी आईने तोडगा काढला. ती म्हणाली, पावती मला दाखवा, मी अंगठा उठवते. (आई सही करते, हे चेष्टेत होतं.) तेव्हापासून रिवाज पडला : वाळूची असो, सळईची असो, कच्ची चिठ्ठी असो, तिचा फोटो आईच्या हाताजवळ ठेवून काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. फोटो पडला नाही तर तो खर्च धरायचा नाही, दादाचा असला तरी. त्यामुळे गंमत अशी झाली की पैशाबरोबर कामाचाही माग राहिला. वाळूचा ब्रास कधी पडला, सळई कधी आली, सेंट्रिंग कधी लागलं, सगळं तारखेनिशी. तोंडी भाव आणि पावतीचा भाव यांतला फरक दुकानदाराकडून दादानेच वसूल केला, आम्हाला बोलावं लागलं नाही.

जुन्या सागवानी तुळया निघाल्या त्यांची यादी मात्र कोणी केली नाही. दोन कुठे गेल्या ते अजून तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही, आणि तो विषय आम्ही काढत नाही.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे तळघराचं काम केलं. परवाना काढला की माग ठेवायचं निम्मं काम नगरपालिकेचा इन्स्पेक्टरच करतो. वायरिंग, प्लंबिंग, लाकडी सांगाडा हे सगळं उघडं असताना तो येऊन बघतो, शेरा देतो, आणि तोवर भिंतीला जिप्समचे बोर्ड लावता येत नाहीत. त्यामुळे काम कुठवर आलं याचं उत्तर "कुठल्या तपासणीवर आलं" असं असतं. वैताग येतो, तारीख मिळायला वाट बघावी लागते, पण झाकायच्या आधी कोणीतरी तिऱ्हाईत बघून जातो हे बरं. भारतात फ्लॅटच्या आत हे तुम्हालाच करावं लागणार.

सानेकाका७२

सगळं ठीक, पण रोज वही घेऊन उभं राहिलात तर चांगला मिस्त्री पळून जातो. आमचा मिस्त्री दरवाजामागे पेन्सिलीने स्वतःपुरतं लिहायचा : मापं, कुठली लादी कमी पडली, कोण कधी येणार. मी काही विचारत नसे. तो जेवायला गेला की वाचायचो. रंगाऱ्याने त्यावर हात मारला तेव्हा मिस्त्रीच जास्त हळहळला.

कात्रजचा घाट

सगळ्यांचे आभार. काल "अडलंय" रकाना भरला. साइटवालेकाका, तुमचं भाकीत जरा जास्तच खरं निघालं, निम्म्याहून अधिक ओळींपुढे आमचंच नाव आहे. बार्शीकर, ग्रुपवरची पावती आमच्याकडे सासूबाई आणि नवरा यांच्यात लागू करतेय.

एक प्रश्न. वायरिंगचे पाइप आता भिंतीत झाकले जाणार. फोटो काढलेत, पण दीडशे फोटोंत कुठली भिंत कुठली हेच कळत नाहीये.

निवृत्त साइटवाला

अजून झाकलं नसेल तर उद्या सकाळी परत काढा. प्रत्येक भिंतीवर खडूने मोठं लिहा : "बेडरूम १, पूर्व". टेप जमिनीपासून उभी धरा, एक कोपऱ्यापासून आडवी, आणि दोन्ही आकडे वाचता येतील असा समोरून फोटो. तिरका नको. पाण्याच्या पाइपांचेही तसेच काढा, पुढे टॉवेलचा रॉड लावायला ड्रिल मारणारा तुमचाच नवरा असणार आहे.

आणि वायरमन जायच्या आत त्याच्याकडून डीबीतला (विजेच्या मुख्य पेटीतला) कुठला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, कुठल्या खोलीचा ते लिहून घ्या. तो एकदा गेला की फोन उचलत नाही.