हेरकथांची नवी मालिका हवी आहे, पण अमरपट्टा घेतलेला नायक नको

खंदक

टॉम क्लॅन्सीचा जॅक रायन वाचून झाला. म्हणजे क्लॅन्सीने स्वतः लिहिलेला. २०१३ साली तो गेला, त्यानंतर मुखपृष्ठावर त्याचं नाव मोठं आणि खऱ्या लेखकाचं बारीक छापून जो कारखाना चालू आहे तो मी धरत नाही. मार्क ग्रेनीचा ग्रे मॅन वाचला. डॅनियल सिल्वाचा, जुनी चित्रं दुरुस्त करणारा इस्रायली हेरही वाचला. आता पुढे काय?

शोधायला गेलं की सगळीकडे एकच माल. निवृत्त कमांडो, खून झालेली बायको, वॉशिंग्टनमधला एक फितूर आणि शेवटच्या पन्नास पानांत बॉम्ब. मालिका बारा पुस्तकांची आहे हे आधीच ठाऊक असताना तिसऱ्या पुस्तकात नायकावर रोखलेल्या पिस्तुलाची मला काय म्हणून भीती वाटावी?

माझं मत सरळ सांगतो, मग काय ते बोला. लष्करी थरारकथेचं वाटोळं नायकाने केलं. क्लॅन्सीचं सगळ्यात चांगलं पुस्तक रेड स्टॉर्म रायझिंग (१९८६), आणि त्यात रायन औषधालाही नाही. सोव्हिएत रशियातला तेलाचा मोठा कारखाना घातपातात जळतो, तेल पुरणार नाही म्हणून मॉस्कोची नजर इराणच्या आखाताकडे वळते, आणि त्याआधी नाटोचा काटा काढायचं ठरतं. अख्खं महायुद्ध, पण अणुबॉम्ब एकही नाही. आइसलँड रशियनांच्या हाती पडतं तेव्हा तिथे अमेरिकी हवाई दलाचा एक हवामानतज्ज्ञ अडकतो आणि रेडिओ सांभाळत माळरानातून पळत राहतो. कमांडो वगैरे नाही, ढगांचे अंदाज बांधणारा माणूस. तो वाचेल याची कुणी हमी दिलेली नाही, म्हणून मी पान उलटतो.

तर जिच्यात कुणीही मरू शकतं अशी मालिका सांगा. इंग्रजी चालेल, मराठी असली तर फारच छान.

टपालपेटी

धाग्याचा पायाच कच्चा आहे राव.

फ्रेडरिक फोरसाइथची द डे ऑफ द जॅकल, म्हणजे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालेल्या मारेकऱ्याची कथा, आली १९७१ साली. द गॉल त्याआधीच, नोव्हेंबर १९७० मध्ये, आपल्या घरी पत्ते मांडता मांडता गेले होते. म्हणजे दुकानात पुस्तक उचलणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की जॅकलची गोळी काही लागलेली नाही. तरी लोक रात्ररात्र जागले. का? तर खोटा पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक कुणाकडून बनवून घ्यायची, ती सरहद्दीपार कशी न्यायची, यात जीव अडकतो. ‘मरेल का’ हा प्रश्न बाळबोध आहे. ‘जमवणार कसं’ हा खरा.

आणि मराठी म्हणताय तर बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मरणार नाही हे वाचनालयाच्या रांगेतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. रांग काही कमी झाली नाही.

खंदक

जॅकल मान्य. पण ते एकच पुस्तक आहे. फोरसाइथने द गॉलवरचे वीस हल्ले वीस पुस्तकांत लिहिले असते तर सातव्यात तुम्ही घोरत असता.

टेम्सकाठ

खंदक, तुमचं औषध म्हणजे मिक हेरनची स्लाउ हाउस मालिका. पहिलं पुस्तक स्लो हॉर्सेस, २०१०.

ब्रिटनच्या एमआय५ या गुप्तचर संस्थेत ज्यांनी माती खाल्ली त्यांना काढून टाकायचं तर कटकटी फार, म्हणून लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका कळकट इमारतीत कुजवत ठेवतात. काम म्हणजे निरर्थक नोंदी चाळत बसणं. कंटाळून आपणहून राजीनामा द्यावा एवढीच अपेक्षा. साहेब जॅक्सन लॅम्ब: अंगाला वास, सिगरेटी अखंड, जीभ तिखट, कुणाच्या तोंडावर पादायला कमी करत नाही. पण त्याच्या माणसांना बाहेरच्याने हात लावलेला त्याला खपत नाही. आणि हेरन माणसं मारतो. तुमचा जीव जडलेलं माणूस परिच्छेदाच्या मधोमध, काही चाहूल न देता. पहिलं पुस्तक फारसं कुणी विकत घेतलं नव्हतं. दुसऱ्याला, डेड लायन्सला, २०१३ मध्ये गोल्ड डॅगर हा गुन्हेकथांचा पुरस्कार मिळाला आणि हळूहळू चक्र फिरलं. टीव्हीवर गॅरी ओल्डमन आला तो २०२२ मध्ये.

माझं रोजचं स्टेशन बार्बिकन. तिथला ओलसर, सरकारी कंटाळा त्याने जसाच्या तसा उचललाय.

आठबाराची_फास्ट

हेरन मला अजिबात झेपला नाही. दर पुस्तकाच्या सुरुवातीला कुणीतरी अदृश्य प्राणी त्या इमारतीचे जिने चढतो आणि खोली-खोलीचं वर्णन करतो. एकदा छान वाटलं. दरवेळी? शिवाय सगळी पात्रं लेखकाच्याच तोंडाने टोमणे मारतात. झाडूवाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे हजरजबाबी.

मी एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हातात फोन, ठाण्यापासून सीएसटीपर्यंत वाचते. मला ‘हेराच्या मनातलं धुकं’ नकोय. मला ग्रे मॅन हवाय. आणि जॅक कार. तो स्वतः नेव्ही सीलमध्ये, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या कमांडोंत होता, आणि द टर्मिनल लिस्ट (२०१८) मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने खोडायला लावलेल्या ओळी तशाच काळ्या पट्ट्या मारून छापल्यात. पट्टीखाली काय असेल याचा विचार करता करता दादर येतं. अमरपट्टा काय घेऊन बसलात, मला त्या गर्दीतून तासभर बाहेर काढा म्हणजे झालं.

टपालपेटी

+१. वाचनाचा उद्देशच करमणूक आहे हे कबूल करायला लोकांना लाज का वाटते कळत नाही.

तोफखाना_निवृत्त

त्या काळ्या पट्ट्यांचं मला कौतुक नाही. उरलेल्या पानांवर कुऱ्हाडीपासून घड्याळापर्यंत प्रत्येक वस्तूचा ब्रँड छापलेला असतो. शस्त्रांचं कॅटलॉग म्हणजे सैन्य नव्हे. सैन्यात माणूस वाट बघतो. गाडीची, हुकमाची, रजेची, रेशनची. ते लिहिता आलं तरच गोळीबाराला वजन येतं.

क्लॅन्सी विमा विकणारा माणूस होता, गणवेश कधी घातला नाही. तरी द हंट फॉर रेड ऑक्टोबर (१९८४) अमेरिकी नौदलाशी जोडलेल्या नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने छापली, आणि त्यांनी छापलेली ती पहिलीच कादंबरी. कारण पाणबुडीतल्या सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या पोराचा कंटाळा आणि कान टवकारणं दोन्ही त्याला जमलं. १९७५ साली स्टोरोझेवॉय या सोव्हिएत युद्धनौकेवर खरंच बंड झालं होतं, बीज तिथलं.

आपल्याकडचं म्हणाल तर मुकुल देव हे माजी लष्करी अधिकारी. त्यांची लष्कर (२००८) पासूनची चार पुस्तकं वेगवान आहेत, पण तीही कमांडोपटच. मला जास्त पटलं ते अमर भूषण यांचं एस्केप टू नोव्हेअर. लेखक रॉमध्ये वरच्या पदावर होते. २००४ साली रॉचा एक अधिकारी, रबिंदर सिंग, पाळत असतानाही नेपाळमार्गे अमेरिकेला निसटला, त्यावर बेतलेली कादंबरी. गोळी जवळजवळ नाहीच. माणसं बसून दुसऱ्या माणसाच्या हालचाली टिपतायत, वरिष्ठ ‘आणखी पुरावा आणा’ म्हणतायत, आणि पक्षी उडतो. मालिका नाही, पण खंदक यांना हवी ती हार आहे.

आठबाराची_फास्ट

साहेब, वाट बघणं मी रोज प्लॅटफॉर्मवर करते. त्यासाठी पुस्तक कशाला विकत घेऊ?

गाविलगडचा_वारा

भाऊ, सगळे लंडन नाहीतर वॉशिंग्टन. आपल्या दारातली मालिका कोणाला आठवून नाही राहिली? बर्नार्ड कॉर्नवेलचा, इंग्रज फौजेतला रिचर्ड शार्प! मालिका सुरू झाली १९८१ मध्ये, स्पेनातल्या नेपोलियनविरुद्धच्या लढायांपासून. पण लेखकाने मागाहून त्याची तरुणपणची तीन पुस्तकं लिहिली ती हिंदुस्थानातली. शार्प्स टायगर म्हणजे श्रीरंगपट्टण १७९९. शार्प्स ट्रायम्फ म्हणजे १८०३, आधी अहमदनगर आणि मग असई, आपल्या जालना जिल्ह्यातलं. शार्प्स फोर्ट्रेस म्हणजे अकोल्याकडचं अडगाव आणि मग आमचा गाविलगड, डिसेंबर १८०३. चिखलदऱ्याला सहलीले जाऊन लोक भजे खाऊन परत येतात, समोर काय झालं ते माहीत नसते. हे वाचून मी किल्ल्यात पुन्हा गेलो तं दरी वेगळीच दिसली.

खंदक

पण शार्पही मरत नाहीच. वीसच्या वर पुस्तकं आहेत.

पेठेतला_फितूर

मरणं सोडा. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा हरतायत, आणि आपण गोऱ्या सार्जंटच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवायच्या? ट्रायम्फ मी निम्म्यात ठेवलं. मराठ्यांकडची माणसं बहुतेक पाठमोरी. तोंड ज्याला दिलंय तो खलनायक पुन्हा इंग्रजच, कंपनीतून पळालेला डॉड.

गाविलगडचा_वारा

निम्म्यात ठेवलं म्हणून असं बोलून राहिले. असईचं प्रकरण वाचा. शिंद्यांच्या कंपूचा सेनापती पोलमन हॅनोव्हरचा, आधी कंपनीच्याच लष्करातला, हे लेखकाने बनवलेलं नाही, इतिहास आहे. आणि मराठ्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटत नाहीत हे कॉर्नवेल इतक्या आदराने लिहितो की आपल्या किती पुस्तकांत ते सापडेल, शंका आहे. इंग्रज सेनापती वेलस्लीचे दीड हजारावर लोक त्या दुपारी मेले नाहीतर जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकून बसलेल्या त्याच माणसाला ‘आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई कोणती’ विचारलं तं तो असई म्हणाला. शत्रू लेचापेचा असता तं म्हणाला असता काय?

दुसरं, पुस्तकाच्या शेवटी तो टीप देतो. गाविलगडाचा आतला कोट शिडीने खरं तं कॅप्टन कॅम्पबेलच्या लोकांनी घेतला, मी ते श्रेय शार्पला दिलं, असं कबूल करतो. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत कोणी एवढं प्रामाणिक वागते?

पेठेतला_फितूर

टीप प्रामाणिक आहे, दृष्टी नाही. हीच लढाई शिंद्यांच्या गोलंदाजाच्या बाजूने कुणी मराठीत थरारकथा म्हणून लिहीत नाही ही माझी खरी तक्रार आहे. आपल्याकडे राजा-सेनापतींवर हजार हजार पानं, पण तोफेशेजारी उभ्या असलेल्या माणसाची मालिका नाही.

तोफखाना_निवृत्त

या एका वाक्यासाठी फितूरना सलाम. लिहा कुणीतरी.

मांडवीकाठ

मराठीत नाहीच असं नका म्हणू. आमच्या गोव्याचे गुरुनाथ नाईक. हजाराच्या वर कादंबऱ्या, आणि त्यांचा कॅप्टन दीप म्हणजे लष्करी हेरच. सरहद्द, शत्रूचे तळ, सगळं. पण त्या पुस्तकांना ‘साहित्य’ कुणी म्हटलं नाही, वाचनालयांनी ती फाटेपर्यंत फिरवली आणि मग रद्दीत घातली. आज संच शोधायला गेलात तर दमछाक होईल. इंग्रजीतला जेम्स बॉण्ड दर काही वर्षांनी नवं मुखपृष्ठ घालून येतो, आमचा दीप गेला तो गेलाच. बरं, खंदक यांच्या अटीत तोही बसत नाही. दीपला ओरखडाही येत नसे!

शाईचा_डाग

खंदक, हवं असलेलं सांगते: अ‍ॅलन फर्स्ट. नाइट सोल्जर्स (१९८८) पासून सुरू. मालिका आहे, पण नायक बहुतेक पुस्तकांत वेगळा. काळ १९३३ ते १९४५ च्या आसपासचा, युरोप. एकात पॅरिसचा चित्रपट निर्माता, एकात डच मालवाहू जहाजाचा कप्तान. हेरगिरी त्यांचा धंदा नाही, ती त्यांच्या गळ्यात पडते. त्यामुळे पुढच्या पुस्तकात तो असेलच असं काही नाही. समान धागा म्हणजे पॅरिसमधलं एक रेस्टॉरंट, ब्रासरी हाइनिंगर. पहिल्या पुस्तकात तिथल्या आरशाला गोळीचं भोक पडतं, आणि पुढच्या पुस्तकांत कुणी ना कुणी त्या भोकाखाली जेवायला बसतं.

नंतरची पुस्तकं सडपातळ झालीत, प्रेमप्रकरणं जास्त आणि काम कमी. पहिली चार-पाच घ्या.

टपालपेटी

फर्स्ट म्हणजे धुकं, कॉन्यॅक आणि रेल्वे स्टेशन. कथानक कुठाय?

शाईचा_डाग

धुक्यात.

टेम्सकाठ

ले कारेचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणजे कमाल आहे. मालिकेच्या क्रमात तिसरं असलं तरी द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड (१९६३) आधी वाचा. लहान आहे, आणि खंदक यांच्या सगळ्या अटी बर्लिनच्या भिंतीपाशी पूर्ण होतात. मग टिंकर टेलर (१९७४).

पेठेतला_फितूर

टिंकर टेलरपासूनच्या त्रयीतलं मधलं द ऑनरेबल स्कूलबॉय गाळा. टीव्हीवर आणताना बीबीसीनेसुद्धा गाळलं होतं.

टेम्सकाठ

बीबीसीने खर्चामुळे गाळलं, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया उभं करणं परवडेना म्हणून! वाचकाला विमानाचं भाडं पडत नाही. जाडजूड आहे, मधे रेंगाळतं, तरी लष्करी-हेर दोन्ही एकत्र हवं असेल तर तेच. व्हिएतनाम युद्धाची अखेर इतक्या जवळून त्या तिघांतल्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आहे?

खंदक

नोंदवलं. सध्या नाइट सोल्जर्स आणि स्लो हॉर्सेस मागवतोय. शार्पचं फोर्ट्रेस चिखलदऱ्याला जायच्या आधी. लेन डाइटनचा बर्नार्ड सॅमसन कुणी वाचलाय का? तो नऊ पुस्तकं जगतो हे माहीत आहे, तरी बर्लिनमुळे खुणावतोय.

शाईचा_डाग

वाचाच. बर्लिन गेम (१९८३), मेक्सिको सेट, लंडन मॅच, आणि मग पुढच्या दोन त्रयी. तिथे प्रश्न तो मरेल का हा नाहीच. शेजारच्या टेबलावरचं माणूस कुणाचं, हा आहे. अवांतर: हाच डाइटन एके काळी ऑब्झर्व्हर वृत्तपत्रात पाककृतींच्या चित्रपट्ट्या काढायचा. फक्त क्रम मोडू नका. सहावं, स्पाय सिंकर, आधीच्या सगळ्या घटना दुसऱ्या बाजूने सांगतं. ते आधी वाचलंत तर पाच पुस्तकं पाण्यात.

आठबाराची_फास्ट

फोर्टात फुटपाथवर मला तेच एक मिळालं. घेऊन ठेवलंय. सुरू करू?

शाईचा_डाग

नाही.

आठबाराची_फास्ट

पहिलं प्रकरण तरी? कल्याणला सिग्नल नाहीये.

शाईचा_डाग

नाही!